चाल आमची आहे, ती विचार करून खेळू द्या

प्रति,
गेमचे दिग्दर्शक, रचनाकार आणि अपडेटमध्ये काय जायचं ते ठरवणारे सर्वजण

विषय: ताज्या अपडेटने मोहिमेच्या नियमांत केलेले बदल

स. न. वि. वि.

तुमच्या या डावपेचांच्या, पाळीपाळीने खेळायच्या गेमचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांनी तो खेळलाय ते वाचता वाचता ओळखतील, आणि तुमचं काम तुम्हाला ओळखू येईलच. मला कुणाचं नाव खराब करायचं नाहीये. चार बदलांबद्दल बोलायचंय. तुमच्या तक्रार विभागाकडे मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा आपोआप येणारं एकच उत्तर आलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

काय झालं ते आधी सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. या अपडेटनंतर एकट्याने खेळायच्या मोहिमेत प्रत्येक टर्नला, म्हणजे आपल्या सगळ्या माणसांच्या चालींच्या एका फेरीला, ९० सेकंदांचं घड्याळ लागलं. टाकलेलं पाऊल मागे घ्यायची सोय गेली. हल्ल्याआधी दिसणारा नेम लागण्याच्या टक्क्यांचा आकडा तसाच राहिला, पण त्यामागचं गणित बदललं. आणि शत्रूची कुमक ज्या टर्नला नकाशावर उतरते, त्याच टर्नला वार करू लागली. हे सगळं नव्याने सुरू करणाऱ्यांपुरतं असतं तर मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. ते आमच्या अर्ध्यावर आलेल्या मोहिमांनाही लागू झालं, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही.

तुम्ही दिलेलं कारण मी वाचलंय. लढाया फार लांबतात, मधेच कंटाळा येतो, लोक शेवटापर्यंत पोहोचत नाहीत. कारण खरं आहे, लढाया लांबतात. माझं म्हणणं एवढंच की त्या कशामुळे लांबतात हे तुम्ही चुकीचं ओळखलंत, आणि रोगापेक्षा इलाज भयंकर झाला.

मी या गेमकडे कशी आले ते सांगायला हवं, कारण माझी तक्रार तिथेच अडकलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या मनगटाला दुखापत झाली. हाड सांधलं, पण अंगठा आणि शेजारचं बोट पहिल्यासारखं ऐकेना. अंगठा थरथरतो, बोटाला दाबल्याचं नीट कळत नाही. त्याआधी मी धावपळीचे, गोळीबाराचे गेम खेळायचे. ते सगळे सुटले. ज्या गेममध्ये पापणी लवायच्या आत बटण दाबावं लागतं तिथे मला जागा उरली नाही. मग एका मैत्रिणीने सांगितलं की टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचे गेम खेळून बघ, तिथे तुझी पाळी आली की सगळं जग थांबतं. मी पहिल्यांदा डावपेचांचा गेम लावला आणि खरोखर सगळं थांबलं. तलवार उगारलेला शत्रू समोर उभा होता आणि माझी चाल होईपर्यंत तो तसाच उभा राहणार होता. त्या रात्री मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

तेव्हापासून मी हा प्रकार सोडलेला नाही. फायर एम्ब्लेमचे भाग खेळले, १९९७चा फायनल फँटसी टॅक्टिक्स खेळला, टॅक्टिक्स ओगरची २०२२ची नवी आवृत्ती खेळली, फुकट मिळणारा बॅटल फॉर वेसनॉथ तर अजूनही अधूनमधून लावते. आणि तुमचा गेम दोनदा पूर्ण केला. तिसऱ्यांदा सर्वांत अवघड पातळीवर खेळत होते, तेविसाव्या लढाईपर्यंत आले होते, तेवढ्यात अपडेट आलं.

म्हणजे मी हे पत्र वैतागून गेम सोडलेल्या माणसासारखं लिहीत नाहीये. तुम्ही काय घडवलंय ते मला नीट माहीत आहे, आणि तेच आधी सांगणार आहे.

तुमच्या नकाशांना उंची आहे. नुसती दिसायला नाही, कामाची. टेकडीवरच्या धनुर्धराचा बाण खालच्यापेक्षा दोन घरं लांब जातो, चढावर पाऊल टाकायला दुप्पट चाल लागते, आणि कड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या जड चिलखतवाल्याला ढालीचा एक धक्का पुरतो. पाठीकडून केलेला वार जास्त लागतो, त्यामुळे चाल संपवताना आपलं माणूस कुठे तोंड करून उभं आहे याचाही विचार करावा लागतो. पहिल्या दहा लढायांत मी हे विसरायचे आणि मार खायचे. अकराव्या लढाईपासून विसरले नाही. गेमने शिकवलं, पण समोर फलक लावून शिकवलं नाही, ही मोठी गोष्ट आहे.

खालची टर्नची पट्टी तर मला सगळ्यांत आवडते. पुढच्या बारा पाळ्या कुणाच्या ते तिथे ओळीने दिसतं. चिलखत जड असेल तर पाळी उशिरा येते, मोठा मंत्र म्हणायला घेतला तर तो दोन पाळ्यांनंतर फुटतो आणि तोवर समोरचा निसटू शकतो. फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये हेच होतं, मंत्र तयार होईपर्यंतचा वेळ हाच तिथला खरा डाव होता. तुम्ही ते घेतलंत आणि पट्टीवर उघडं करून ठेवलंत. आता जादूगारीण मंत्र सुरू करते तेव्हा तो नेमका कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर फुटेल ते मला दिसतं. मग मी भालेवाल्याला शत्रूच्या वाटेत उभं करते, म्हणजे तो त्या घरातून हलूच शकत नाही. दोन पाळ्यांनी आग बरोबर त्याच्यावर पडते. असं एकदा जमलं की आठवडाभर डोक्यात घोळत राहतं.

क्लासची, म्हणजे प्रत्येक माणसाच्या पेशाची, रचनाही अशीच उदार आहे. वैदूला भाल्याचं एखादं कौशल्य शिकवता येतं, चोराला घोडेस्वार करता येतं, आणि एकदा शिकलेलं वाया जात नाही. माझी वैदू दुसऱ्या खेपेला पुलावर एकटी सात टर्न लढली होती. तिच्यासारखी वैदू दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये नसेल, ती मी घडवली होती. लोक अशा गेममधल्या माणसांवर जीव लावतात तो यामुळे. लिहिलेले संवाद त्यानंतर येतात, जरी तुमचे संवादही चांगले आहेत.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. मी हरले तर का हरले ते मला कळतं. आकडे समोर होते, पाळ्या समोर होत्या, घरं मोजता येत होती, विचाराला हवा तेवढा वेळ होता, आणि तरी मी धनुर्धर मुलीला एक घर जास्त पुढे नेलं. चूक माझी. या भरवशावर माणूस एकच लढाई पाच वेळा हरतो आणि सहाव्यांदा पुन्हा लावतो. अपडेटने तोच भरवसा काढून घेतला.

आता तक्रारी.

पहिली घड्याळाची, आणि तीच माझी सगळ्यांत मोठी आहे. तुमच्या मोहिमेत आठ माणसं घेऊन उतरता येतं. ९० सेकंदांचे आठ भाग केले तर एकाच्या वाट्याला ११ सेकंद येतात. या ११ सेकंदांत त्याला कुठे न्यायचं, कुणावर वार, कोणतं कौशल्य, तोंड कुठे, हे ठरवायचं आणि चार मेनूंतून बोटाने निवडायचंही. हल्ल्याचं दृश्य चालू असताना घड्याळ थांबत नाही. शत्रूची माहिती वाचायला त्याच्यावर कर्सर नेला तरी थांबत नाही. म्हणजे जो वाचून, मोजून खेळतो त्यालाच दंड. आंधळेपणाने पुढे धावणाऱ्याला काहीच त्रास नाही, त्याची टर्न ४० सेकंदांत संपते.

बुद्धिबळातही घड्याळ असतं, असं कुणी म्हणेल. असतं, पण ते दोघांनाही असतं, आणि स्पर्धेत असतं. तुमचा शत्रू संगणक आहे, त्याला घड्याळाचं काय? माणसाविरुद्ध माणूस अशा ऑनलाइन लढतीत घड्याळ हवंच, तिथे समोरच्याला ताटकळत ठेवणं चूक आहे. घरात एकटी बसून मोहीम खेळताना मी कुणाला ताटकळत ठेवते?

घाई आणायचीच असेल तर ती आणण्याच्या रीती आहेत. २०१६च्या एक्सकॉम २मध्ये कितीतरी लढायांना टर्नची मर्यादा होती. इतक्या टर्नमध्ये काम उरका, नाहीतर हुकलं. पुष्कळ खेळाडूंना ते आवडलं नाही. पण तिथेही एका टर्नमध्ये विचार करायला कितीही वेळ होता, आणि पुढच्या वर्षी आलेल्या वॉर ऑफ द चोझन या त्याच्याच जोडभागात ती मर्यादा दुप्पट करायचा पर्याय दिला गेला. तुमच्याच गेममध्ये चढत्या पाण्याची लढाई आहे, दर टर्नला नदी एक घर वर येते. काय जीव घाबरा होतो तिथे! आणि त्या लढाईत घड्याळ नव्हतं. ज्यांनी ती रचली त्यांना घाई कशी आणायची ते उत्तम माहीत आहे. त्यांना विचारायला हवं होतं.

माझ्या हाताबद्दल इथेच सांगते. अंगठा थरथरतो म्हणून मी प्रत्येक निवड हळू करते, दाबायच्या आधी हात टेबलावर टेकवते. ९० सेकंदांत माझी चार माणसं चालतात. उरलेली चार जिथल्या तिथे उभी राहतात आणि मरतात. अवघड पातळी म्हणजे अवघड डोकं चालवणं अशी माझी समजूत होती. माझं डोकं अजून चालतं. तुम्ही मोजताय ते बोटांचा वेग, आणि ज्यांची बोटं वेगाने चालत नाहीत अशा लोकांनीच तर हा प्रकार जवळ केलाय. मी एकटी नाही. वय झालेले लोक, आजारातून उठलेले लोक, लहान मूल मांडीवर घेऊन एका हाताने खेळणारे आईबाप, सगळे इथे आहेत.

दुसरी तक्रार पाऊल मागे घेण्याची, आणि ती पहिलीला चिकटलेलीच आहे. आधी काय होतं? माणूस हलवला, वार केला नाही, तर चाल रद्द करून त्याला मूळ घरात आणता यायचं. तुम्ही म्हणता यामुळे लोक अंधारात एक पाऊल टाकून शत्रू कुठे लपलाय ते बघायचे आणि मागे यायचे. बरोबर आहे, ती पळवाट होती, मीही एकदोनदा वापरलीय. मग धुक्यातलं, आधी न दिसणारं नवं घर उघडलं की ती चाल पक्की करा. ज्या चालीतून काहीच नवं दिसलं नाही ती मागे घेऊ द्यायला काय हरकत? तुम्ही उंदरासाठी घर जाळलंत.

इनटू द ब्रीच हा गेम फार कडक आहे, आठ बाय आठचा पट आणि एका चुकीला माफी नाही. तरी त्यात नुसती हालचाल मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा तर सबंध टर्न पुन्हा खेळता येते. टॅक्टिक्स ओगरच्या २०१०च्या आवृत्तीत पन्नास टर्नपर्यंत मागे जायची सोय आली. फायर एम्ब्लेममध्ये मेलेला माणूस कायमचा जातो, १९९०च्या पहिल्या भागापासून. त्याच मालिकेने २०१०मध्ये पडलेला माणूस पुढच्या लढाईत परत येईल अशी वेगळी रीत दिली, २०१७मध्ये मर्यादित वेळा काळ मागे फिरवायची सोय दिली, आणि जुनी कडक रीतही शाबूत ठेवली. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. त्यामुळे कडक खेळणाऱ्यांचं काही गेलं असं मला दिसलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगते. तेविसावी लढाई. नदी, दगडी पूल, पलीकडे गढी, गढीच्या भिंतीवर तीन धनुर्धारी. वैदूचा एचपी, म्हणजे उरलेला जीव, ११. भिंतीवरच्यांचा बाण १२चा. त्यांच्या माऱ्याबाहेर, खांबाच्या आड एकच घर होतं आणि मला ते सापडलं होतं. कर्सर त्या घरावर आणला, हात टेकवला, आणि दाबताना अंगठा हलला. वैदू खांबाच्या शेजारच्या उघड्या घरात जाऊन उभी राहिली. रद्द करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग लक्षात आलं की ती सोय आता नाही. घड्याळात २६ सेकंद होते. मी त्या २६ सेकंदांत काहीही केलं नाही, नुसती बघत बसले. पहिल्याच बाणाला ती गेली. ६० तासांची मोहीम, आणि ती माझ्या चुकीच्या निर्णयाने गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी नव्याने मांडून बसले असते. निर्णय बरोबर होता.

तिसरी तक्रार टक्क्यांची. अपडेटच्या टिपणात तुम्हीच लिहिलंय की लढाईचा तोल टिकावा म्हणून नेम लागण्याची शक्यता आता परिस्थितीनुसार बदलेल. म्हणजे मी जिंकत असेन तर माझा नेम जरा बिघडणार, हरत असेन तर सुधारणार. पडद्यावर मात्र पूर्वीचाच आकडा.

मला माहीत आहे की टक्क्यांवरून खेळाडू नेहमीच कटकट करतात, आणि बरेचदा चूक आमची असते. ९० टक्क्यांचा बाण म्हणजे हमखास, असं आमचं मन धरून चालतं. प्रत्यक्षात असे दहा बाण मारले तर दहाही लागण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के. एखादा चुकणारच. तो नेमका नको तेव्हा चुकला की आम्ही गेमला शिव्या घालतो. मीही घातल्यात.

हेही माहीत आहे की इतरांनी आकडे वाकवलेत. फायर एम्ब्लेममध्ये २००२च्या भागापासून पुढे कितीतरी भागांत एका ऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते. त्यामुळे ९० दिसतं तेव्हा नेम शंभरात ९८ वेळा लागतो, आणि ३० दिसतं तेव्हा १८च वेळा. एक्सकॉम २मध्ये सोप्या पातळ्यांवर सलग नेम चुकले की पुढच्याला गुपचूप मदत मिळते. मग तुमच्यावरच राग का? कारण फायर एम्ब्लेमचं वाकवणं दोन्ही बाजूंना सारखं आहे आणि सदैव तेच आहे. ते एकदा कळलं की त्यावर डाव बांधता येतो. आणि सोप्या पातळीवर नवख्याला हात दिला तर कुणाचं बिघडतं? तुम्ही सर्वांत अवघड पातळीवर, चांगलं खेळणाऱ्याच्या विरुद्ध, दर टर्नला बदलणारा कल ठेवलाय. मी चांगली चाल केली की पुढचा आकडा खोटा होणार. मग चांगली चाल करायची कशासाठी?

वेसनॉथमध्ये हे किती साधं आहे बघा. समोरचा कोणत्या जमिनीवर उभा आहे यावर त्याचा बचाव ठरतो, बस्स. एल्फ गवतावर असेल तर वार ६० टक्के लागणार, गढीत असेल तर ४० टक्के. जादूचा मारा कुठेही ७० टक्के. नशीब तिथेही रडवतं, भरपूर रडवतं. पण आकडा फसवत नाही, म्हणून लोक तो गेम २००३पासून आजवर खेळतायत.

चौथी तक्रार कुमकेची. यावर फार लिहीत नाही, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. नकाशाच्या कोपऱ्यातून चार घोडेस्वार उगवतात आणि उगवल्या पाळीलाच मागे ठेवलेल्या जादूगारिणीला मारून टाकतात. ते येणार हे पट्टीवर नव्हतं, संवादात नव्हतं, जमिनीवर खूण नव्हती. फायर एम्ब्लेमच्या काही भागांतही हे आहे आणि तिथेही खेळाडूंनी त्याला कधी चांगलं म्हटलेलं नाही. यावर उपाय एकच, लढाई एकदा हरायची आणि कुमक कुठून येते ते पाठ करायचं. पाठांतराला डावपेच म्हणत नाहीत. एक टर्न आधी धूळ उडताना दाखवा, शिंगाचा आवाज द्या, काहीही चालेल. अपडेटआधी तुमची कुमक येऊन एक पाळी नुसती उभी राहायची, तेही पुरेसं होतं.

लढाया लांबतात त्याबद्दल आता. मी एकदा शेजारी घड्याळ ठेवून बसले होते. माझा विचार करण्याचा वेळ हा अर्ध्याहून कमी होता. बाकीचा वेळ कशात गेला? शत्रूच्या अठरा माणसांनी एकेक करून चालण्यात. प्रत्येकाकडे कॅमेरा जातो, तो चालतो, थांबतो, तोंड वळवतो, मग कॅमेरा पुढच्याकडे. जे माझ्यापासून वीस घरं लांब आहेत आणि काहीच करत नाहीयेत तेही सगळे बघावे लागतात. हे पुढे ढकलायला बटण नाही. पहिल्या दिवसापासून लोक ते मागतायत. ते दिलं असतं तर लढाई आपोआप आटोपशीर झाली असती आणि घड्याळाचा प्रश्नच उद्भवला नसता.

मोहिमेच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागातल्या शत्रूंचंही तसंच. त्यांना नवी युक्ती नाही, नवं शस्त्र नाही, फक्त एचपी तिप्पट. ज्या शत्रूला दोन वारांत पाडायचं त्याला सहा लागतात, आणि सहाही वार एकसारखेच असतात. तिथे लोक गेम सोडतात. मी पहिल्या खेपेला तिथेच महिनाभर थांबले होते.

अनुभव गुणांचा घोळही जुनाच आहे. शेवटचा वार करणाऱ्याला जवळजवळ सगळे गुण, वैदूला चिमूटभर. मग लोक काय करतात? एका अर्धमेल्या शत्रूला कोपऱ्यात कोंडून ठेवतात आणि वैदूकडून पन्नास वेळा उपचार करून घेतात. फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये आम्ही स्वतःच्याच माणसांना दगड मारून गुण जमवायचो, कारण तिथे प्रत्येक कृतीला गुण होते. टॅक्टिक्स ओगरच्या नव्या आवृत्तीने सबंध दळाच्या लेव्हलला कथेनुसार वरची मर्यादा घातली. मला ती थोडी आवळल्यासारखी वाटली, पण निदान दगड मारत बसायची वेळ आली नाही. तुम्ही लढाईत उतरलेल्या सगळ्यांना थोडे थोडे गुण वाटलेत तरी पुरे. पण खरं सांगू का, या जुन्या खोडींसह मी हा गेम आनंदाने दोनदा पूर्ण केला. त्या राहिल्या तरी मी खेळेन. अपडेटचे चार बदल राहिले तर मला खेळताच येणार नाही, फरक एवढा आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

एकट्याने खेळायच्या मोहिमेत घड्याळ सुरू-बंद करण्याचा पर्याय द्या, प्रत्येक पातळीवर. घड्याळ बंद ठेवून खेळणाऱ्याचं बक्षीस, शेवट किंवा कुठलाही भाग कापू नका.

ज्या चालीतून नवं काही उघड झालेलं नाही ती मागे घेऊ द्या.

पडद्यावर दिसतो तोच टक्का लागू करा. वाकवायचाच असेल तर कसा वाकवता ते गेमच्या आतच लिहा, आणि अवघड पातळीवर तो वाकवू नका.

कुमक आली की तिला एक पाळी थांबवा, किंवा आधी खूण द्या.

आणि सुरू असलेल्या मोहिमेला ती ज्या नियमांवर सुरू झाली तेच नियम लागू राहू द्या. पटावर सोंगट्या मांडलेल्या असताना उंट आजपासून सरळ चालेल असं कुणी सांगत नाही. नवे नियम नव्या मोहिमेला लावा, आणि तिथेही सुरुवातीलाच विचारा.

यातली एकही मागणी ज्यांना नवे बदल आवडलेत त्यांच्या हातून काही काढून घेत नाही. त्यांना घड्याळ लावून खेळू द्या. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, उलट ९० सेकंदांत आठ माणसं नीट चालवणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

तुमच्याकडून उत्तर हवंय ते एवढंच की हे पाच मुद्दे कुणीतरी वाचले, आणि यातलं काय करणार, काय नाही. नाही असेल तर नाही सांगा, म्हणजे वाट बघायला नको.

अपडेट येण्याच्या आदल्या रात्री मी केलेला सेव्ह वेगळा काढून ठेवलाय. तेविसाव्या लढाईचा पहिला टर्न. पुलाच्या अलीकडे आठ जण उभे आहेत, वैदूसकट. घड्याळ बंद करता येईल त्या दिवशी तो उघडणार आहे.

आपली,
सुरुवातीपासून तुमचा गेम खेळणारी एक खेळाडू